काळी तंबाखू कडकच असते का?

पाइपच्या तंबाखूचा डबा उघडला की आधी रंग दिसतो, मग वास येतो, आणि झाकण हातात असतानाच आपला निकाल लागलेला असतो. काळीभोर आहे, वास उग्र आहे, म्हणजे जहाल असणार. तपकिरी आहे, वास गोडसर आहे, म्हणजे सौम्य. हा आडाखा इतक्या सहज मनात येतो की तो तपासून बघावा असं कुणाला वाटत नाही.

मी पाइप ओढत होतो त्या दिवसांतली गोष्ट आहे. पाइप सोडून आता बरीच वर्षं झाली, पण त्या पानाबद्दलचं कुतूहल सुटलेलं नाही. एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन डबे आले. पहिल्यातली तंबाखू कोळशासारखी काळी होती आणि तिला डांबर, जळकं लाकूड आणि जुनं चामडं यांचा मिळून एक वास होता. शेजारच्या खोलीतून विचारणा झाली की काही जळतंय का. मी भीतभीतच ती भरली, पाऊण तास ओढली, आणि मला काहीही झालं नाही. दुसऱ्या डब्यात गडद तपकिरी चपट्या पट्ट्या होत्या, वास व्हॅनिला आणि वाळल्या गवतासारखा. ती मी निर्धास्त भरली. अर्धा पाइप होईपर्यंत छान वाटत होतं. मग तोंडात लाळ सुटू लागली, उचकी लागली, वरच्या ओठावर गार घाम आला. उठायला गेलो तर जमीन एका बाजूला कलल्यासारखी वाटली. आपल्याकडे यालाच ‘तंबाखू लागली’ म्हणतात. तासभर डोळे मिटून पडून राहिलो.

काळ्या डब्यात लटाकिया होती. तपकिरी डब्यात होतं डार्क फायर्ड, म्हणजे लाकडाच्या धुरात वाळवलेलं गडद जातीचं पान. दोन्ही पानं धुरावरचीच. तरी एकीने काही केलं नाही आणि दुसरीने आडवं केलं. असं का, हे नीट समजलं की पाइपच्या तंबाखूबद्दलच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

आधी शब्द वेगळे करून घेऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. डब्यातला वास ही एक गोष्ट. पेटवल्यावर धुराची जी चव लागते ती दुसरी. या दोन्ही पुष्कळदा जुळतही नाहीत. धूर तोंडात किती दाट, किती भरल्यासारखा वाटतो, हा भरदारपणा तिसरा. आणि ताकद म्हणजे शरीरात प्रत्यक्ष पोहोचणारं निकोटिन, ती चौथी. डब्यावर ‘फुल’ किंवा ‘रिच’ लिहिलेलं असतं तेव्हा ते पहिल्या तिघांपैकी कशाबद्दलही असू शकतं. चौथीबद्दल डबा बहुधा काहीच सांगत नाही.

ताकद मुळांतून येते

निकोटिन पानात सापडतं, पण तयार होतं मुळांत. तिथून ते पाण्याबरोबर खोडातून वर चढतं आणि पानांत साठतं. रोपासाठी ते संरक्षणाचं विष आहे. एखाद्या अळीने पान कुरतडलं की तो निरोप मुळांपर्यंत जातो आणि मुळं जास्त निकोटिन बनवायला लागतात. ज्याँ निको या फ्रेंच राजदूताने लिस्बनहून 1560 च्या सुमारास फ्रान्सच्या दरबारात तंबाखू पाठवली, त्याचं नाव या द्रव्याला मिळालं. शुद्ध निकोटिन मात्र वेगळं काढलं गेलं ते 1828 मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गला.

अळीने जे होतं तेच शेतकरी हाताने घडवून आणतो. रोपाला फुलोरा येऊ लागला की तो शेंडा खुडतो. बी धरायचं काम थांबल्यामुळे रोपाचं सगळं बळ पानांकडे वळतं, आणि शेंडा तुटला ही रोपाच्या दृष्टीने जखमच असते, त्यामुळे मुळं जोमाने निकोटिन बनवू लागतात. खुडल्यावर पानांच्या बेचक्यांतून बगलफूट येते, तीही काढत राहावी लागते. जितक्या कमी पानांवर रोप राखाल तितकं प्रत्येक पान जाड, तेलकट आणि जहाल. एकाच रोपावर खालची पानं पातळ आणि हलकी असतात, वरची जड आणि कडक. म्हणजे ‘अमुक जातीची तंबाखू’ एवढं म्हणूनही भागत नाही. पान रोपावर कुठल्या उंचीवर होतं हाही प्रश्न उरतो.

यात जमिनीचा वाटा मोठा आहे. निकोटिनच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात, त्यामुळे नत्र भरपूर मिळालं तरच रोप ते मुबलक बनवू शकतं. गडद तंबाखू भारी, कसदार जमिनीत, नत्राची सढळ मात्रा देऊन वाढवतात. व्हर्जिनिया जातीचं याच्या नेमकं उलट. तिला हलकी, वाळूसर जमीन लागते आणि हंगामाच्या शेवटी नत्राची टंचाई भासावी अशीच सोय केलेली असते. उपाशी पडलेलं ते पान निकोटिनऐवजी पिठूळ स्टार्च साठवतं आणि शेतातच पिवळं पडू लागतं. आकड्यांत सांगायचं तर व्हर्जिनियाच्या वाळलेल्या पानात निकोटिन साधारण दीड ते तीन टक्के असतं. बर्ली ही दुसरी जात तीन-चारपर्यंत जाते. डार्क फायर्ड पान चार-पाच टक्के आणि त्याच्याही वर असू शकतं. लहान पानांची, उन्हात वाळवलेली ओरिएंटल तंबाखू पुष्कळदा एक टक्क्याच्या आसपास रेंगाळते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. धूर, रंग, आंबवणं यातलं अजून काहीही झालेलं नाही. पान शेतात उभं असतानाच त्याची ताकद जवळपास ठरून गेली आहे.

रंग आणि वास कोठारात येतात

पान तोडल्यावर ते लगेच मरत नाही. काही दिवस त्याचा श्वास चालूच असतो, आणि जगण्यासाठी ते स्वतःतला साठा खात राहतं. आधी स्टार्चची साखर होते, मग ती साखरही संपते. वाळवणाची सगळी कला एवढ्यावर उभी आहे की पानाला किती दिवस जगू द्यायचं आणि कधी थांबवायचं.

व्हर्जिनियाला बंद कोठारात धूर लागू न देता गरम हवेने तापवतात. पान पिवळं झालं, साखर तयार झाली, की उष्णता वाढवत नेऊन सगळं थांबवायचं. आठवडाभरात काम उरकतं आणि साखर पानात अडकून राहते. ही रीत पसरली त्यामागे 1839 ची एक घटना सांगितली जाते: नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीत स्टीफन नावाच्या गुलाम तरुणाने विझत आलेल्या आगीवर कोळसा टाकला आणि पानं झळझळीत पिवळी निघाली. बर्लीला उष्णता देतच नाहीत. ती हवेशीर छपरात दीड-दोन महिने टांगलेली असते, तेवढ्या काळात साखर जवळजवळ संपते आणि पान तपकिरी होतं. कापलेलं सफरचंद उघड्यावर काळवंडतं, त्याच जातीची ही क्रिया.

आता धुराचं कोठार. अमेरिकेत केंटकीचा पश्चिम भाग आणि त्याला लागून टेनेसीचा भाग, इथे ही गडद तंबाखू पिढ्यानपिढ्या होते. पानाच्या रंगावरून त्या पट्ट्याला ‘ब्लॅक पॅच’ असंच नाव पडलं. रोप बुंध्यापासून कापतात, अशी अनेक रोपं एका काठीत ओवतात आणि काठ्या कोठाराच्या आढ्यापर्यंत थरावर थर टांगतात. पहिले काही दिवस आग नसते, पान आपापलं पिवळं होतं. मग जमिनीवर ओक, हिकरी अशा टणक लाकडाचे ओंडके रांगेने मांडतात आणि त्यांच्यावर लाकडाच्या भुश्शाचा जाड थर पसरतात. हा भुस्सा फार महत्त्वाचा. तो ज्वाळा उठू देत नाही. लाकूड जळत नाही, धुमसत राहतं. उष्णता चाळीस ते पंचावन्न अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवतात आणि धूर दाट. कोठाराच्या छपरातून, फळ्यांच्या फटींतून पांढरा धूर झिरपत राहतो, आणि रस्त्याने जाणाऱ्या नवख्या माणसाला आग लागल्यासारखंच वाटतं. आग खरोखर लागतेही कधीकधी, म्हणून राखणीला माणूस लागतो. हे सगळं आठवड्यामागून आठवडे चालतं. शेवटी पान गडद तपकिरी, जाडसर आणि तुकतुकीत होतं, जणू त्याला कुणी वॉर्निश लावलं आहे.

त्या धुरात असतं काय? लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन नावाचं द्रव्य अर्धवट जळलं की ग्वायकॉल, सिरिंगॉल, क्रेसॉल अशी संयुगं सुटतात. धुरावर सुकवलेल्या माशाचा, धुरी दिलेल्या चहाचा वास यांच्यामुळेच असतो. आपलं नाक त्यांना इतक्या सूक्ष्म प्रमाणात ओळखतं की थोडीशी मात्राही सगळ्या डब्यावर पसरते. पण यातल्या एकातही निकोटिन नाही. धूर पानाला वास देतो, चव देतो, रंग देतो. ताकद देत नाही.

लटाकियाचं कोडं इथेच सुटतं. सिरियातल्या एका बंदरावरून तिला ते नाव पडलं, पुढे तिचं उत्पादन प्रामुख्याने सायप्रसला गेलं. ती मुळात ओरिएंटल जात: लहान पान, कमी निकोटिन. तिला सुगंधी झुडपांचा आणि लाकडांचा धूर भरपूर देतात, आणि तो वास इतका जबर असतो की नाक आधीच घाबरून जातं. डार्क फायर्डलाही धूर, लटाकियालाही धूर. फरक फक्त कोठारात शिरलेल्या पानाचा. एक भरपेट खाऊन, शेंडा खुडून, कडक होऊन आलेलं. दुसरं लहानखुरं आणि हलकं. मी इतकी वर्षं या विषयावर जे काही वाचलं, त्यात मला ही जोडी सर्वांत बोलकी वाटते.

काळेपणाचंही तसंच. ब्लॅक कॅव्हेंडिश म्हणून जो प्रकार असतो तो शाईसारखा काळा असतो, आणि बहुतेक वेळा अगदी सौम्य. त्यात साध्या पानाला वाफ आणि दाब दिलेला असतो, बरोबर पुष्कळदा गोड पाक. साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेत एकत्र आली की काळपट होतात. पावाचा वरचा पापुद्रा ज्या कारणाने करपट तपकिरी होतो तेच कारण. व्हर्जिनियाही अशी भाजून काळी करतात. रंग बदलला, निकोटिन वाढलं नाही.

मग काळी आणि कडक अशी तंबाखू असतच नाही का? असते, आणि ती हातात घेऊन बघण्यासारखी असते. तिला इंग्रजीत ‘रोप’ किंवा ‘ट्विस्ट’ म्हणतात, म्हणजे शब्दशः तंबाखूचा दोर. गडद पानं पिळून बोटाएवढा जाड दोर वळतात, गुंडाळतात, आणि काळ्या प्रकारात तो दाबून, शिजवून पानातलं तेल आणि रस बाहेर आणतात. दोर बोटांना किंचित चिकट लागतो आणि त्याचा काळा रंग बोटांवर उतरतो. धारदार सुरीने त्याची चकती कापली की आत पानांची वेटोळी दिसतात: कडेला डांबरी काळी, मध्यभागी तपकिरी. वास ओल्या चामड्याचा, थोडा शिरक्याचा, थोडा सुकवलेल्या आलुबुखारचा. इंग्लंडच्या उत्तरेला केंडल या गावात 1792 पासून तपकिरीचा, म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या भुकटीचा, धंदा उभा राहिला आणि त्याच परंपरेत असे दोर आजही वळले जातात. खलाशांना हा प्रकार सोयीचा होता, कारण घट्ट वळलेला दोर लवकर सुकत नाही, जागा कमी घेतो, आणि हवा तेव्हा हवा तेवढा कापता येतो. ही तंबाखू कडक असते ती आतलं पान कडक असतं म्हणून. काळा रंग सोबत आलेला.

पेरिक या आंबवलेल्या तंबाखूचा उल्लेख ओझरता करतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स परगण्यात पानं व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत कोंबतात आणि स्क्रूच्या दाबाखाली वर्षभर आंबवतात. मिरी आणि आंबूस फळ यांच्यामधली काहीतरी चव येते. ती मिश्रणात चिमूटभरच घालतात.

धूर ते रक्त

पानात निकोटिन किती, हे अर्धं उत्तर झालं. त्यातलं तुमच्यात किती उतरतं हे धुराच्या आम्लतेवर ठरतं, आणि या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे.

निकोटिन दोन रूपांत असतं. आम्लाशी बांधलेलं, म्हणजे क्षाराच्या रूपात, आणि मोकळं. बांधलेलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातून सहजी आत जात नाही. मोकळं जातं. सामू, म्हणजे पीएच, 6 असेल तर शंभरातला जेमतेम एक भाग मोकळा असतो. सामू 7 झाला की नऊ. 8 ला निम्मे. 9 ला नव्वद. सामू एक-दोन अंकांनी हलला की सगळं चित्र पालटतं.

आता व्हर्जिनिया आठवा, साखरेने भरलेली. साखर जळली की धुरात आम्लं येतात, त्यामुळे तिचा धूर आम्लाकडे झुकतो. सिगारेटमध्ये हेच पान मुख्य असतं, आणि त्या धुरातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही म्हणून तो छातीत ओढावा लागतो. फुप्फुसाचा पृष्ठभाग इतका प्रचंड आहे की तिथे आम्ल-अल्कलीची अडचण उरत नाही. गडद पानात साखर जवळपास नसते आणि नत्र भरपूर असतं. ते जळताना अमोनिया सुटतो, धूर अल्कलीकडे झुकतो, आणि निकोटिन मोकळं होतं. धूर छातीत न घेता, नुसता तोंडात खेळवला तरी गालाच्या आणि जिभेखालच्या अस्तरातून ते रक्तात जाऊ लागतं. म्हणजे गडद पानाचा मारा दुहेरी असतो. मुळात निकोटिन जास्त, आणि त्यातलं मोकळंही जास्त.

साधा हिशेब करू. पाइपमध्ये तीन ग्रॅम तंबाखू भरली. दीड टक्क्याचं पान असेल तर त्यात 45 मिलिग्रॅम निकोटिन आहे, पाच टक्क्यांचं असेल तर 150. यातलं पुष्कळसं जळून जातं, खोलीत विरतं किंवा तळाशी अडकतं. शरीरात उतरतो तो छोटा हिस्सा. पण प्रमाण तिपटीहून जास्त झालेलं आहे, आणि त्यावर अल्कलीची मदत.

घशाला आणि नाकाला जे झोंबतं, मिरपूड हुंगल्यासारखं, ते बरंचसं या मोकळ्या निकोटिनचं आणि अमोनियाचं काम. जीभ पोळते ती भानगड वेगळी आहे. ओलसर तंबाखू घाईने ओढली की गरम वाफ जिभेवर येते, आणि गोड, सौम्य व्हर्जिनिया यात सर्वांत बदनाम आहे. जीभ पोळली की माणूस म्हणतो ‘कडक आहे’. पोळणं आणि लागणं या दोन गोष्टी एकमेकींच्या जवळ ठेवूच नयेत.

फसगत होते ती वेळेमुळेही. छातीत ओढलेलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं, त्यामुळे पुरे झालं हे माणसाला तिथल्या तिथे कळतं. तोंडातून शोषलेलं हळूहळू चढतं, मिनिटामिनिटाने साठत जातं, आणि पाइप खाली ठेवल्यावरही चढत राहू शकतं. माझा अर्धा पाइप आनंदात गेला तो यामुळे. शरीराला हिशेब कळेपर्यंत उधारी झाली होती. शिवाय लाळेत विरघळलेलं निकोटिन आपण गिळतो, ते पोटात जाऊन वेगळा गोंधळ घालतं. उचकी आणि मळमळ यांत त्याचा हात असतो. उपाशी पोटी गडद तंबाखू ओढू नये असं जाणते सांगतात ते अनुभवातून आलेलं आहे. रक्तातलं निकोटिन निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात, कारण यकृत ते आपल्या गतीने मोडतं.

हे द्रव्य किती सहज आत शिरतं याचा पुरावा शेतातही मिळतो. पहाटे दवाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या तंबाखूच्या पानांत उघड्या हातांनी काम करणाऱ्या मजुरांना चक्कर, मळमळ, उलट्या होतात. धूर नाही, आग नाही, केवळ ओली कातडी आणि पान. या आजाराला ‘ग्रीन टोबॅको सिकनेस’ असं नावच आहे.

गडद पानाची चव

धुराची चव शब्दांत धरणं अवघड, तरी प्रयत्न करतो. डार्क फायर्डमध्ये पहिल्यांदा लाकडी धूर येतो, लटाकियापेक्षा कोरडा आणि कमी सुगंधी. त्यामागे ओल्या मातीसारखं काहीतरी, बिनसाखरेच्या कोकोचा कडवटपणा, अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा. हा भाजकट भाग पायरॅझिन नावाच्या संयुगांचा; भाजलेल्या कॉफीतही तीच असतात. गोडवा फार थोडा. म्हणून नुसतं गडद पान पुष्कळांना रुक्ष वाटतं, आणि मिश्रण करणारे त्यात व्हर्जिनिया घालतात. तिच्या साखरेने चव गोलाईला येते आणि धुराचं अल्कलीपणही थोडं खाली येतं. उलट बाजूने, व्हर्जिनियात दहावा हिस्सा जरी गडद पान पडलं तरी सगळं मिश्रण वजनदार लागतं.

वरून घातलेल्या सुवासांनी नाक पार फसतं. माझ्या त्या तपकिरी डब्यातला व्हॅनिला आणि वाळल्या गवताचा वास टोंका बीन्सचा होता, दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या बिया. त्यांतल्या कुमारिन या द्रव्यामुळे तो गोड वास येतो. पान होतं तेवढंच जहाल; त्याच्यावर फक्त पांघरूण होतं.

चवीबद्दल इतकं बोलल्यावर उरलेलंही सरळ सांगायला हवं, कारण ज्या धुराने ही चव दिली त्यानेच ते दिलेलं आहे. लाकडाच्या धुरातून पानावर बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगं बसतात. वाळवण चालू असताना पानातली नायट्रेट बदलत जाऊन निकोटिन आणि त्याच्या भाऊबंदांपासून नायट्रोसामाइन बनतात. त्यांतल्या एनएनएन आणि एनएनके या दोघांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. धुराच्या कोठारातल्या पानांत ही संयुगं जास्त आढळतात. पाइपवाला धूर छातीत घेत नाही हे खरं धरलं, तरी तो तोंडात जास्त वेळ खेळवतो, त्यामुळे ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका यांना झळ लागते. फुप्फुसंही पूर्ण सुटत नाहीत. पाइप ओढणाऱ्यांच्या ओठाच्या कर्करोगाकडे जर्मन वैद्य झ्योमरिंग याने 1795 मध्येच बोट दाखवलं होतं, सिगारेट लोकांच्या हातात येण्याच्या कितीतरी आधी.

वेगाबद्दल एक गोष्ट राहिली. पाइप सावकाश ओढण्याच्या स्पर्धा होतात. प्रत्येकाला तीन ग्रॅम तंबाखू, दोन काड्या आणि पेटवायला एक मिनिट मिळतो. ज्याचा पाइप शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला. मुरलेले स्पर्धक एवढ्याशा तंबाखूवर दोन-अडीच तास काढतात. तीच तंबाखू पंधरा मिनिटांत संपवली तर जाळ तापतो, चव करपते, आणि निकोटिनचा तोच साठा कितीतरी कमी वेळात अंगावर येतो. त्यामुळे एकाच डब्यातली तंबाखू एकाला सौम्य आणि दुसऱ्याला जहाल वाटते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आणि पाइपच्या तळाशी जे घडतं ते वरून दिसत नाही. निखारा वर असतो आणि धूर खालच्या न जळलेल्या तंबाखूतून ओढला जातो. त्या वाटेत वाफ झालेलं निकोटिन, पाणी आणि डांबर यांतलं काही गार होऊन तिथेच बसतं. पाइप जसजसा खाली जळतो तसतशी तंबाखू आपल्याच अर्काने भरत जाते, म्हणून शेवटचा तिसरा हिस्सा सर्वांत कडू आणि सर्वांत कडक. बरेच जण तो ओढतच नाहीत. पाइप उलटा करून ठोकला की ओला, काळा, दाट वासाचा एक गोळा राखेबरोबर बाहेर पडतो. निकोटिन त्यात गच्च मुरलेलं असतं. तो उघड्या रक्षापात्रात राहू देऊ नका. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर लगेच कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका, आणि हात धुवा.